पंचवीस ग्रॅम पेढा

अण्णांनी पितळी तागडी उचलली. डाव्या पारड्यात वीसचं आणि पाचचं वजन ठेवलं, उजव्या पारड्यात एक कंदी पेढा ठेवला आणि डोळे बारीक करून काट्याकडं बघत राहिले. पेढ्याचं पारडं वरच राहिलं. मग त्यांनी परातीतल्या दुसऱ्या पेढ्याचा तुकडा मोडून त्यात टाकला, त्यावर आणखी एक चिमूट टाकली, आणि पारडं खाली येऊन फळीवर टेकलं तसा सगळा ऐवज वाटीत घालून माझ्यापुढं सरकवला.

“घे. पंचवीस ग्रॅम. शंभर कॅलरी,” ते म्हणाले. “आता उद्या चार वाजेपर्यंत कुठल्या परातीकडं मान वळवायची न्हाई.”

तेवढा पेढा खायला मी पंधरा मिनिटं लावली. चौऱ्याण्णव किलोचा माणूस स्टुलावर बसून पेढा कुरतडतोय, हे दृश्य बघायला आतल्या दारात खुर्ची टाकून माझी धाकटी बहीण वैजू बसली होती.

“दादा, पेढा संपला,” ती म्हणाली. “आता वाटीला लागशील.”

ती हसली आणि लगेच पोटाला हात लावून थांबली. हसताना सुद्धा तिला धाप लागत होती.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोरेगावच्या बाजारपेठेत आमचं मिठाईचं दुकान आहे, दुकानामागं घर. आई मी कॉलेजात असतानाच गेली, वैजू लग्न होऊन साताऱ्याला गेली, तेव्हापासून घरात मी आणि वडील, म्हणजे अण्णा, असे दोघंच. मी भट्टी सांभाळायचो, अण्णा गल्ल्यावर बसायचे आणि दोन वेळचा स्वयंपाकही तेच करायचे, कारण माझ्या हातच्या भाजीतही त्यांना साखर लागायची. माझं लग्न जमत नव्हतं. मुली बघायला गेलो की मुलीकडचे आधी मला आणि मग खुर्चीला बघायचे.

त्या वर्षी वैजूला वर्षभर सगळे कावीळ कावीळ म्हणत होते. झाडपाला झाला, पथ्य झालं, ताईत झाला. शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कळलं की तिचं लिव्हर आतून दगड होत चाललंय आणि दुसरं बसवल्याशिवाय ती वाचत नाही. तिची मुलगी मुक्ता तेव्हा चार वर्षांची होती. दाजींचा रक्तगट जुळेना, अण्णांचं वय बसेना. राहता राहिलो मी. माझं सगळं जुळलं, आणि मी स्वतःवर खूश होतोय तोवर डॉक्टरांनी माझ्या पोटाचा फोटो उजेडावर धरला.

“तुमच्या लिव्हरचा मोठा तुकडा काढून बहिणीला बसवायचा. राहिलेला पुन्हा वाढतो, त्याची काळजी नाही,” ते म्हणाले. “पण तुमचं लिव्हर चरबीनं भरलंय. असलं देता येत नाही, आणि काढलं तर तुम्हालाही धोका. सहा आठवड्यांत आठ किलो उतरवा. चरबी उतरेल.”

“आणि न्हाई उतरली तर?” अण्णांनी विचारलं.

डॉक्टरांनी वैजूचे कागद सरळ केले. “त्यांच्याकडं याहून जास्त वेळ नाही,” ते म्हणाले.

तिथंच आहाराचं बघणाऱ्या कुलथे मॅडम होत्या. त्यांनी माझा दिवस लिहून काढला. खवा उतरला की चव बघायची, साखर पडली की बघायची, पेढा वळताना बघायची, बर्फी थापताना, चिवड्याला मीठ लागलं का ते. त्यांनी बेरीज केली आणि चष्मा काढला. नुसत्या चवीच्याच सातशे कॅलरी होत होत्या, जेवण वेगळंच. त्यांनी मला बाराशे कॅलरींचा तक्ता दिला. भात इतके ग्रॅम, भाकरी इतकी, शेंगदाणे मोजून.

“गोड पूर्ण बंद करत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारखा माणूस पाचव्या दिवशी परातीवर पडेल. रोज शंभर कॅलरींचं काहीही खा, पण मोजून.”

“मोजायचं काम माझं,” अण्णा पुढं होऊन म्हणाले. “पन्नास वर्षं मोजतोय मी. ह्या हातानं कधी कमी दिलं न्हाई.”

मॅडमनी मान हलवली. त्या वाक्यात काय दडलंय, ते तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आम्ही परतलो. वैजू ऑपरेशन होईपर्यंत माहेरीच राहायला आली. अण्णांनी दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा गिऱ्हाइकांसाठी ठेवला आणि माझ्यासाठी माळ्यावरची जुनी तागडी काढून चिंचेनं घासली. आकड्यांच्या काट्यावर त्यांचा विश्वास बसत नसे, सरकारी माणूस मागं लागला म्हणून तो घेतला होता. तागडीवर त्यांनी माझा भात मोजला, पीठ मोजलं, डाळ मोजली, शेंगदाणे मोजले. चव बघायचं काम माझ्याकडून काढून स्वतःकडं घेतलं, आणि गिऱ्हाइकांच्या मते त्या दिवसांत आमचा पेढा जरा अगोडच झाला. मी सकाळी वसना नदीच्या पुलापर्यंत चालायला जायचो. भट्टीपाशी उभा राहायचो तेव्हा तोंडात लवंग धरायचो. तीन आठवड्यांत मी एक दाणाही चोरून खाल्ला नाही. हे मी आज शपथेवर सांगू शकतो, कारण शपथ घ्यायची वेळ तेव्हा खरंच आली.

तीन आठवड्यांनी पुण्याच्या दवाखान्यात वजन केलं. साडेब्याण्णव भरलं.

“दीड किलो?” कुलथे मॅडम म्हणाल्या. “निदान चार तरी उतरायला हवे होते. श्रीरंग, खरं सांगा. काय काय खाताय?”

“तक्त्यातलंच. मोजून.”

“मोजून खाल्लं तर उतरतंच हो. शरीर खोटं बोलत नाही.”

म्हणजे खोटं मी बोलत होतो. अण्णा शेजारीच होते. परतीच्या एसटीत ते खिडकीकडं तोंड करून बसले आणि शिरवळ गेल्यावर म्हणाले, “भूक लागती का रं रात्रीची?”

“अण्णा, मी काही खात नाही.”

“न्हाई, लागली असंल तर सांग. मी काय म्हणणार न्हाई. पण वैजूचा इचार कर.”

मला भयंकर राग आला. सातारा येईपर्यंत मी समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झीनच्या चिरा मोजत बसलो. पण खरं सांगायचं तर नुसता राग नव्हता. वजनकाट्यावर साडेब्याण्णव दिसलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. आता आपल्याला कापणार नाहीत, असं कुठंतरी आत वाटून गेलं होतं, आणि ते बरं वाटलं होतं. ते मला त्या एसटीत कळलं आणि मी स्वतःला कधी नव्हे इतका घाबरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा बँकेत गेले होते. वैजूनं मला हाक मारली. ती कॉटवर उशांना टेकून बसली होती. पायांवर सूज होती, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

“दादा, एक विचारू? रागावू नकोस.”

“विचार.”

“तुला भीती वाटत असेल ना?”

मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

“नको असेल तर सांग,” ती म्हणाली. “मी कुणाला सांगणार नाही. वजनच उतरलं नाही म्हणायचं. कुणी तुला बोल लावणार नाही. मुक्तीला फक्त अधूनमधून आणत जा इकडं. तिला तुझा पेढा आवडतो.”

ती रडत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. लहानपणी मी पतंगाचा मांजा हरवला की तो आपणच हरवला असं सांगून मार खायची, त्याच आवाजात ती मला सुटायची वाट काढून देत होती. मी कॉटच्या कडेला बसलो.

“भीती वाटते,” मी म्हणालो. “खूप वाटते. पण मी चोरून खात नाही, वैजू. आईची शपथ.”

“मग उतरत का नाही?” ती म्हणाली, आणि हे विचारणारी ती पहिली होती. बाकी सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं.

चार वाजता अण्णा आले, हातपाय धुतले आणि नेहमीसारखी तागडी काढली. वैजूही भिंतीला धरत दुकानात आली आणि खुर्चीत बसली. वीसचं वजन, पाचचं वजन, पेढा, तुकडा, चिमूट. पारडं टेकलं. वाटी सरकली.

“घे. पंचवीस ग्रॅम,” अण्णा म्हणाले, आणि मग हळूच, “एवढ्यावरच ऱ्हा बाबा.”

त्या ‘एवढ्यावरच’नं माझं डोकं फिरलं. पेढा वाटीतून उचलला आणि शेजारच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. मला फक्त एवढंच दाखवायचं होतं की बघा, पंचवीस म्हणजे पंचवीसच खातो, त्यावर कण नाही.

आकडे पळाले आणि थांबले. आकडा वैजूच्या बाजूलाही दिसत होता.

“छत्तीस,” ती म्हणाली.

“काटा बिघडलाय,” अण्णा म्हणाले.

मी पेढा उचलला आणि काट्यावर तागडीतली दोन वजनं ठेवली. पंचवीस. पुन्हा पेढा ठेवला. छत्तीस. मी आत गेलो, रात्रीच्या भाकरीसाठी मोजून ठेवलेलं पीठ आणलं. नव्वद हवं होतं, सव्वाशे होतं. शेंगदाण्यांची वाटी आणली. वीसच्या जागी एकतीस. डाळ, तांदूळ, एकेक भांडं मी काट्यावर ठेवत गेलो आणि अण्णा एकेक आकडा बघत गेले.

मग वैजूला हसू फुटलं. पोट धरून, धापा टाकत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली.

“अण्णा,” ती म्हणाली, “तुमच्या झुकत्या मापानं मी निघाले होते की वर.”

अण्णा गल्ल्याच्या पायरीवर बसले. आमचे आजोबा ह्याच दुकानात बसायचे. अण्णा आठ वर्षांचे असताना एका म्हातारीच्या पेढ्याचं पारडं जास्त खाली गेलं म्हणून त्यांनी त्यातला तुकडा मोडून परातीत टाकला होता. आजोबांनी गिऱ्हाइकासमोर त्यांच्या मनगटावर छडी मारली आणि सांगितलं की कमी पडलं तर घालायचं, जास्त झालं तर राहू द्यायचं, पारड्यातलं परत घ्यायचं नाही. ही गोष्ट आम्ही दोघांनी शंभर वेळा ऐकली होती. पन्नास वर्षांत त्यांच्या हातून कुणाच्या पारड्यातला कण मागं आला नव्हता. आणि इथं तर समोर गिऱ्हाईकही नव्हतं, उपाशी पोरगा होता.

“मी तुला चोर ठरवला,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

“जाऊ द्या अण्णा.”

“जाऊ कसं देऊ? ही माझी लेक आन् तू माझा ल्योक. एकाच्या ताटात घालून दुसरीच्या तोंडचं काढत होतो मी. आन् वर म्हणतोय, ह्या हातानं कधी कमी दिलं न्हाई.”

त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. मला काय वाटलं ते सांगतो. माझ्यावरचा आळ गेला ह्याचा आनंद झालाच, पण त्याहून मोठं म्हणजे मी पळत नव्हतो हे मला कळलं. तो आकडा तसाच राहिला असता, वैजू गेली असती, तर मी जन्मभर स्वतःला विचारत राहिलो असतो की भीतीपोटी माझंच अंग मुद्दाम अडून बसलं होतं का. त्या छत्तीसच्या आकड्यानं मला त्यातून सोडवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी स्वतःच मोजून घ्यायला गेलो. अण्णांनी माझा हात बाजूला केला.

“मीच करणार,” ते म्हणाले. “मलाच शिकलं पायजे.”

त्यांनी तागडी काढली नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पेढा ठेवला, सवयीनं वर तुकडा टाकला. आकडा अठ्ठावीसवर थांबला. अण्णा तो बघत उभे राहिले. बाहेर एक गिऱ्हाईक आलं होतं, आमच्या शाळेचे निवृत्त नलवडे गुरुजी, तेही बघत राहिले. अण्णांनी दोन बोटं पुढं नेली, मागं घेतली, पुन्हा पुढं नेली. मग त्यांनी पेढ्याची कड मोडली. आकडा पंचवीसवर आला. अण्णांनी तो तीन ग्रॅमचा तुकडा तळहातावर धरला, पण तो परातीत टाकायला त्यांचा हात होईना. शेवटी तो त्यांनी गुरुजींच्या पाव किलोच्या पुड्यात ठेवला.

“हे काय?” गुरुजींनी विचारलं.

“आमच्या रंगाच्या वाटणीचं हाय,” अण्णा म्हणाले. “गोड मानून घ्या.”

तिथून पुढं रोज तसंच झालं. चार वाजता माझ्या पेढ्याची कड मोडायची आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या पुड्यात जायची. पाच-सहा दिवसांत ते सगळ्या बाजारात पसरलं. चार वाजता लोक मुद्दाम येऊ लागले. बोहारणीनं तो तुकडा पदरात घेतला, कापडवाल्यानं घेतला, एकदा फौजदारानं घेतला आणि टोपी काढून तोंडात टाकला. अण्णांचा हात मात्र शेवटपर्यंत सरावला नाही. प्रत्येक दिवशी बोटं एकदा मागं यायचीच.

गेलेले आठवडे भरून काढायला मी रात्रीची भाकरी सोडली, पुलापर्यंत दोनदा चालू लागलो, आणि पाच आठवडे संपले तेव्हा अठ्ठ्याऐंशीवर होतो. सहावा आठवडा फार कठीण गेला. मी चिडायचो, अण्णांवर ओरडायचो. एकदा म्हणालो, “अर्धा पेढा वाढवलात तर काय होतं?” त्यांनी नुसतं आतल्या खोलीकडं बघितलं, जिथं वैजू झोपली होती, आणि कड मोडली. आयुष्यभर ज्यांनी मला मागितल्यापेक्षा जास्त दिलं, त्यांनी त्या बेचाळीस दिवसांतले शेवटचे वीस दिवस मला एक कणही जास्त दिला नाही. आई गेल्यावर मला जेवू घालणं हीच त्यांची माया होती, दुसरी कुठली करायला त्यांना येतच नव्हती. तीच त्यांनी रोज चिमटीनं तोडली. मी जे दिलं ते मला भूल देऊन काढून घेतलं. त्यांनी दिलं ते जागेपणी दिलं.

पुण्याला निघायच्या दिवशी नलवडे गुरुजी बसपर्यंत आले.

“हे बघ,” ते म्हणाले, “आम्ही सगळे तुझ्या वाटणीचं खाऊन बसलोय. पचायचं असेल तर तू परत यायला पाहिजेस. आणि वैजूला घेऊन.”

वजन पंच्याऐंशी पूर्णांक सहा भरलं. कुलथे मॅडम माझ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझं चुकलं. मी तुम्हाला खोटं ठरवलं होतं.” मी त्यांना अण्णांच्या तागडीची गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. फोटोत चरबी उतरलेली होती.

ऑपरेशन बारा तास चाललं म्हणतात. माझ्या लेखी ते डोळे मिटले आणि उघडले एवढंच होतं. उघडले तेव्हा अण्णा शेजारी होते. त्यांनी आधी वैजूचं सांगितलं, की डोळ्यांतला पिवळेपणा हटायला लागलाय, आणि मग विचारलं, “भूक लागली का रं?”

वैजूच्या डोळ्यांची हळद पंधरवड्यात गेली. मुक्ता आता अठरा वर्षांची आहे आणि आईपेक्षा उंच आहे. माझं लग्न पुढच्याच वर्षी झालं, आणि बघायला गेलो तेव्हा कुणी खुर्चीकडं बघितलं नाही. अण्णांनी नंतरची अकरा वर्षं गल्ला सांभाळला. गिऱ्हाइकांना पारडं झुकवून दिलं, मला मात्र कधी पुन्हा तागडीनं दिलं नाही. मी खायला बसलो की ते उठून आत जायचे. अण्णांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

आठ जुलैला, ऑपरेशनच्या तारखेला, वैजू साताऱ्याहून येते. चार वाजता दुकानात येऊन अण्णांच्या जागेसमोर स्टुलावर बसते. त्या दिवसापुरती मी माळ्यावरची तागडी काढतो आणि चिंचेनं घासतो. डाव्या पारड्यात वीसचं आणि पाचचं वजन ठेवतो, उजव्या पारड्यात पेढा ठेवतो. मग एक तुकडा टाकतो. काटा मधोमध येऊन उभा राहतो, म्हणजे माप बरोबर झालेलं असतं.

वैजू बघत बसते. मी वर आणखी एक चिमूट टाकतो. पारडं खाली येऊन फळीवर टेकेपर्यंत ती हात पुढं करत नाही.